ब्लाझेनाआत्यानं प्राग पाहिलं

आमच्या ल्होत्काहून प्राग काही लांब नाही. बसनं ब्रोदला जायचं, तिथून दीड तासाची आगगाडी. सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथं जेवतो आणि रात्रीचं सूप घरी येऊन पितो. गावातला जो तो कधी ना कधी जाऊन आलेला. कुणी शाळेच्या सहलीला, कुणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कुणी हॉकीचा सामना बघायला. ब्लाझेनाआत्या तेवढी राहिली होती.

ब्लाझेना कोत्र्बोवा ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी ती गावच्या सामुदायिक गोठ्यात धारा काढायला लागली आणि पुढची त्रेपन्न वर्षं तिनं तेच केलं. पहाटे चारला एकदा, दुपारी चारला एकदा. कम्युनिस्ट गेले, नव्वदनंतर जमिनी ज्याच्या त्याला परत मिळाल्या, तेव्हा तिनं आणि ओल्दाआतोबांनी स्वतःच्या सहा गाई घेतल्या. गोठा बदलला, वेळ तीच राहिली. नाताळ असो, कुणाचं लग्न असो, मयत असो, चार म्हणजे चार. आतोबा वारले त्या दिवशी दुपारीसुद्धा ती काळा पोशाख उतरवून गोठ्यात गेली होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू घरात जा, माणसांना कॉफी दे. इथं मला बरं वाटतंय."

प्रागला जायचं तिनं ठरवलं नव्हतं असं नाही. आठवीच्या सहलीला तिला गोवर निघाला. लग्न झालं त्या वर्षी चार दिवस प्रागला फिरून यायचं ठरलं होतं, नवे बूट घेतले होते, तर तालुक्यात जनावरांना लाळ्या-खुरकूत आली. गावाच्या वेशीवर औषधात भिजवलेला भुसा पसरला आणि गोठ्यावरच्या कुणाला बाहेर सोडेनात. तिसरी खेप ऐंशी सालची. त्या वर्षी प्रागच्या मोठ्या मैदानावर हजारो बायकांच्या सामुदायिक कवायती होत्या. आमच्या गावच्या बारा बायका सगळा हिवाळा व्यायामशाळेत हात वर, हात खाली करत होत्या आणि आत्या पहिल्या रांगेत होती. निघायच्या आठ दिवस आधी एका गाईनं लाथ मारली आणि तिचं मनगट मोडलं. अकरा बायका गेल्या. त्यांनी तिच्यासाठी आणलेला चांदीच्या रंगाचा चमचा, त्यावर प्रागचा किल्ला कोरलेला, कित्येक वर्षं तिच्या साखरेच्या डब्यात होता.

मग गुत्त्यात त्याची थट्टा झाली. कुणी म्हणालं, की मी या वर्षी छप्पर दुरुस्त करतो, तर बाकीचे विचारायचे, "कधी? ब्लाझेना प्रागला गेल्यावर?" पुढं पुढं ज्या पोरांना ब्लाझेना कोण हे माहीत नव्हतं तीही असंच बोलायला लागली. आत्याच्या कानावर ते होतं. ती म्हणायची, "बोलू देत. माणसांची तोंडं आहेत, गाईंची थोडीच आहेत की गवत चारून गप्प करू."

दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये तिनं शेवटची गाय विकली. कंबर साथ देईना. गाय चांगल्या माणसाकडे गेली, पलीकडच्याच गावात. पण पहिला आठवडाभर आत्या दिवसातून चारदा रिकाम्या गोठ्यात जाऊन उभी राहायची. मी शेजारीच राहते, मला खिडकीतून दिसायचं.

मे महिन्यात एक दिवस ती कुंपणापाशी आली. मी कपडे वाळत घालत होते.

"इवो, शुक्रवारी तुला वाचनालयात कामावर जायचंय का?"

"का गं? काय आणायचंय?"

"आणायचं काही नाही. प्रागला जायचंय."

माझ्या हातातली उशीची खोळ गवतावर पडली.

"डॉक्टरकडे?"

"डॉक्टर कशाला? बघायला. लोक बघतात ना? तसं."

मी कॉलेजची चार वर्षं प्रागमध्ये काढलेली. मला कोण आनंद झाला! त्या रात्री बसून मी यादी केली: आधी मोठा चौक, मग बाराच्या ठोक्याला जुन्या नगरभवनाचं घड्याळ, मग दगडी पूल, मग किल्ला, किल्ल्यातलं मोठं चर्च, सोनारांची गल्ली आणि चार चाळीसच्या गाडीनं परत. कुठं किती मिनिटं थांबायचं तेसुद्धा लिहिलं. आज ती यादी आठवली की माझी मलाच लाज वाटते.

शुक्रवारी आत्या तयार होऊन उभी. केस आदल्या दिवशी कुरळे करून घेतलेले, अंगात निळा कोट, हातात कापडी पिशवी. पिशवीत पावात घातलेले तळलेल्या मांसाचे काप, सहा उकडलेली अंडी, खसखशीचं सारण भरलेल्या बुख्ती आणि चहाचा थर्मास.

"आत्या, तिथं खायला मिळतं गं."

"मिळत असेल. मला काय माहीत कोण बनवतं."

गाडीत ती खिडकीपाशी बसली आणि कोलीनपर्यंत लोकांच्या शेतांना नावं ठेवत राहिली. याची मोहरी विरळ आहे, त्यानं खत उशिरा टाकलंय. कोलीननंतर गप्प झाली. प्राग जवळ आलं, रुळांच्या दोन्ही बाजूंना घरंच घरं दिसायला लागली, तेव्हा तिनं पिशवी मांडीवर घेऊन घट्ट धरली.

स्टेशनातून आम्ही वर मोठ्या चौकाच्या टोकाला आलो. तिथं संत वात्स्लावाचा घोड्यावरचा पुतळा आहे. प्रागची माणसं एकमेकांना भेटायचं तर तिथंच भेटतात, आणि 'शेपटीखाली भेटू' असं म्हणतात. मी आत्याला म्हणाले, "आपली चुकामूक झाली तर इथं यायचं. शेपटीखाली. कळलं?"

तिनं पुतळ्याला एक फेरी मारली. "घोडा चांगला आहे," म्हणाली. "पाठ जरा आखूड आहे. पण चांगला आहे."

पुढं मात्र माझ्या यादीचे हाल सुरू झाले. मी एखादी सुंदर इमारत दाखवावी, तर आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत वाळत घातलेला गालिचा बघत असायची. "एवढ्या वर पाणी चढतं? दाब कमी पडत नाही?" एका दारावर दोन दगडी राक्षस माथ्यावर सज्जा पेलून उभे होते. तिथं ती दहा मिनिटं थांबली. त्यांच्या दंडांचे स्नायू कारागिरानं बरोबर काढलेत की नाही, यावर तिचं मत होतं. मी घड्याळ बघत होते.

"आत्या, चल ना. बारा वाजायला आले."

"तुझी गाय अडलीय का कुठं?"

"घड्याळ बाराला बघायचं असतं!"

"एकला वाजत नाही का ते?"

एकलाही वाजतं, हे मला माहीत होतं. पण यादीत बारा लिहिलं होतं.

आम्ही धावतपळत पोहोचलो. नगरभवनाच्या चौकात घड्याळाखाली माणसांची ही गर्दी! जगातल्या सगळ्या भाषा तिथं चाललेल्या. बाराचे ठोके पडले, घड्याळावरच्या सांगाड्यानं घंटी ओढली, वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती एकामागून एक फिरून गेल्या. मी हात उंच करून फोनमध्ये ते सगळं टिपलं. वरचा सोनेरी कोंबडा आरवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी वळून म्हणाले, "कसं वाटलं?"

शेजारी आत्या नव्हती. एक उंच माणूस आइस्क्रीम खात उभा होता.

मी चौकाला तीन फेऱ्या मारल्या. चर्चमध्ये पाहिलं, स्वच्छतागृहात हाका मारल्या. तिच्या मोबाइलवर फोन लावला. चार वेळा वाजला आणि उचलला आमच्या शेजारणीनं, पाव्लानं.

"हॅलो? इवोना? अगं, हा इथं स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला आहे. मी कोंबड्यांना दाणे टाकायला आले होते."

"आत्या हरवली गं!"

"हरवली? प्रागमध्ये?" मग पाव्ला हळूच म्हणाली, "म्हणजे पोहोचली तर!"

मी फोन बंद केला. कोपऱ्यावर एक पोलीस उभा होता. त्याला सांगितलं: बाई, वय एकोणसत्तर, निळा कोट, केस पांढरे, कुरळे, हातात कापडी पिशवी.

त्यानं चौकावरून नजर फिरवली. "ताई, तशा मला इथून पंधरा दिसतायत. तुमची कुठली?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून तो मऊ झाला आणि त्यानं विचारलं, की भेटायची जागा काही ठरलीय का. तेव्हा कुठं मला शेपटी आठवली.

पुतळ्यापाशी मी जवळजवळ तास उभी होते. काय काय मनात आलं ते सांगत नाही. वडील असते तर मला काय म्हणाले असते, हेही आलं. पावणेदोनला मोठ्या चौकाच्या खालच्या अंगानं निळा कोट येताना दिसला. घाई नाही, गडबड नाही. बाजारातून परतणारी बाई चालते तशी ती चालत होती. जवळ आली तर अंगाला घोड्याचा वास, कोटाच्या बाहीवर गवताची काडी.

"कुठं होतीस तू!" मी ओरडलेच.

"अशी का रडतेस? जेवलीस का?"

"आत्या!"

"थांब, बसू दे मला. सांगते."

आम्ही पायरीवर बसलो आणि तिनं मला अंडं सोलून, मीठ लावून दिलं. मग सांगितलं.

झालं होतं असं. घड्याळाकडे सगळ्यांच्या माना वर झालेल्या असताना आत्याला मागं टापांचा आवाज आला. चौकात पर्यटकांना फिरवणाऱ्या बग्ग्या उभ्या असतात, त्यातली एक हलली होती. चार टापांतली एक हलकी पडत होती. तिच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, गाडीचे दोन घोडे होते. तो आवाज ती झोपेतही ओळखेल. ती सरळ त्या बग्गीपुढं जाऊन उभी राहिली. बग्गी हाकणारी तिशीची बाई होती, राद्का नावाची, डोक्यावर काळी टोपी.

"बाजूला व्हा हो आजी. मला भाडं न्यायचंय."

"ने की. पण याचा मागचा डावा पाय दुखतोय."

"सकाळी बघितलाय मी. काही नाही त्याला."

"सकाळी नसेल. आत्ता आहे."

"आजी, मी अकरा वर्षं हे काम करते."

"मी त्रेपन्न वर्षं जनावरांत आहे. तुझ्यासारखंच डोकं गरम असायचं माझं. मग एका गाईनं मनगट मोडलं."

मागं बसलेलं परदेशी जोडपं कौतुकानं ऐकत होतं. त्यांना वाटलं, हाही तमाशा भाड्यातच आहे. राद्का चिडून खाली उतरली, पाय उचलून दाखवते म्हणाली आणि घोड्यानं पाय दिला नाही. दोनदा झटकला. तेव्हा आत्यानं पिशवी राद्काच्या हातात दिली, घोड्याच्या मानेवरून, पाठीवरून हात फिरवत मागं गेली, त्याच्याशी काहीतरी पुटपुटली, खांद्यानं त्याला जरासं रेटलं आणि पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला. नालेच्या आतल्या कडेला बाटलीचं पत्र्याचं झाकण रुतून बसलं होतं, एक धार आत वळलेली. आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर ती मांसापर्यंत गेली असती.

राद्कानं खूर साफ करायचा आकडा आणला. झाकण निघालं. मग दोघींनी मिळून खूर धुतला. राद्का म्हणाली, "घोड्याचं नाव बालिन. आठ वर्षांचा आहे. मला वाटलं, आज आळस करतोय."

"वाटतं तसं. मलाही वाटायचं."

जोडप्याला दुसऱ्या बग्गीत बसवून राद्कानं बालिनला नदीकाठच्या सावलीत न्यायचं ठरवलं. बग्गी रिकामीच होती, चाल अगदी सावकाश. आत्याला म्हणाली, "बसा माझ्या शेजारी. याचा पाय नीट पडतोय का ते ऐका." आणि अशी आमची आत्या पुढच्या बाकावर बसून जुन्या शहरातून फिरली. अरुंद गल्ल्या, दारांवरची दगडी चिन्हं, कुठं सोन्याचा साप, कुठं तीन सारंग्या. रस्त्यातली माणसं बाजूला होऊन तिचे फोटो काढत होती. नदीकाठी तिनं राद्काला बुख्ती खायला घातल्या, आणि बालिनलाही अर्धी.

"आणि मी इथं मरत होते त्याचं काय?"

"तूच म्हणालीस ना, चुकामूक झाली तर शेपटीखाली. मी म्हटलं, पोरीला ठाऊक आहे कुठं थांबायचं." तिनं मीठ झटकलं. "तू घाबरशील हे माझ्या डोक्यात नाही आलं, इवो. चुकलं माझं. मला इतकी मजा येत होती की आलंच नाही."

मग मी यादी काढली आणि तिच्यासमोर चुरगाळून पिशवीत टाकली. "आता कुठं जायचं, तू सांग."

ती म्हणाली, ट्रामनं. पासष्टीच्या पुढच्यांना तिथं ट्राम फुकट आहे, हे तिला राद्कानं सांगितलं होतं. आम्ही एका ट्राममध्ये चढलो, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच ट्राममधून परत आलो. बाया बाजार घेऊन चढत होत्या, उतरत होत्या. आत्यानं एकीशी मुळ्याच्या जुडीवरून बोलणं काढलं आणि ती बाई उतरायची विसरली.

पुलावर आलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. दगडी संतांच्या दोन रांगांमधून आम्ही मध्यावर पोहोचलो. खाली बांधावरून पाणी पांढरं होऊन पडत होतं, वर किल्ला. मी काही सांगितलं नाही. आत्या कठड्याला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटं हलत होती. मिटत होती, उघडत होती. जुन्या शहराच्या दिशेला कुठल्याशा मनोऱ्यात घंटा वाजली. चार ठोके.

"चार वाजले," ती म्हणाली.

"हो."

"सोळाव्या वर्षापासून या वेळेला मी कधी नुसती उभी नव्हते."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

"एक सांगू? गावात बोलू नकोस. पहिल्या तीन वेळा कारण खरं होतं. नंतर गाईंचं सांगायचे ते खरं नव्हतं. ओल्दा म्हणायचा, दोन दिवस मी काढतो धारा, जा तू. गाई त्याला हात लावू देत होत्या की. मीच म्हणायचे, देत नाहीत."

"मग का नाही आलीस?"

तिनं पाण्याकडे बघतच सांगितलं. "भीती वाटायची. आवडलं असतं तर? आवडलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला परत त्या शेणात पाय घालायचा असता, तर तो घातला गेला असता का? न बघितलेलं बरं असं वाटायचं."

"आणि आता?"

"आता काय, गोठा रिकामा आहे." ती रडली थोडी. रुमाल काढला, नाक पुसलं, मग हसली. "आवडलं गं. कसं आवडलं! चार चाळीसची गाडी सोडू या का?"

ती गाडी आम्ही सोडली. दोरानं वर ओढल्या जाणाऱ्या डब्यात बसून पेत्रशीनच्या टेकडीवर गेलो. तिथं गवत गुडघाभर वाढलेलं होतं. आत्यानं एक काडी चावून पाहिली आणि जाहीर केलं, की कापायला आठ दिवस उशीर झालाय. खाली सगळी लाल छपरं पसरलेली. एकेका कळसाचं नाव तिनं मला विचारलं, मी सांगितलं, निम्मी चुकीची असतील. मग आम्ही टेकडीवरच्या बागेत एकेक बिअर घेतली, उरलेले मांसाचे काप खाल्ले आणि सातच्या गाडीला लागलो. गाडीत ती कोलीनच्याही आधी माझ्या खांद्यावर झोपली.

ल्होत्काच्या थांब्यावर पाव्ला आणि आणखी चौघी-पाच जणी उभ्या होत्या, जणू आम्ही अमेरिकेहून येत होतो. गुत्त्यातली माणसं बाहेर आली. गुत्तेवाला काराफियात म्हणाला, "ब्लाझेना, तू आमचं नुकसान केलंस. आता आम्ही आपापली छपरं कुठल्या तोंडानं तशीच ठेवायची?" आत्यानं त्याला सांगितलं, की शिडी तिच्याकडे आहे, उद्या सकाळी घेऊन जा.

त्यानंतर ती महिन्यातून एकदा जायला लागली. एकटीच. मी बरोबर येऊ का म्हटलं तर म्हणते, "तू फार भराभरा बघतेस." पुढल्या वर्षी चौकातल्या बग्ग्या बंद झाल्या. राद्कानं बालिनला शहराबाहेर एका कुरणावर नेलं, तिथं आता मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. आत्या तिथंही जाते, ट्राम आणि मग बस करून. किल्ला तिनं अजून आतून पाहिलेला नाही. रांग मोठी असते म्हणते, आणि तो कुठं पळून चाललाय.

परवा संध्याकाळी परत आली ती कुंपणापाशीच थांबली. चेहरा नुसता फुललेला.

"इवो, आज एका जोडप्यानं मला रस्ता विचारला. ब्रनोचे होते. मला म्हणाले, तुम्ही इथल्याच ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"रस्ता सांगितला."

"बरोबर सांगितलास?"

"ते काय मला माहीत," आत्या म्हणाली. "पण रस्ता चांगला होता. वाटेत लिंडनची झाडं आहेत, फुललेली."